बेकन-बुरुजातली बाई

१२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा कापलंय! आणि या वेळी चांगलं दोन बोटं!

शिक्का जसाच्या तसा. गोल, मधे कोयता — झिकेली घराण्याचा. त्याला नखसुद्धा लागलेलं नाही. चोराने मागून, भिंतीच्या बाजूने, गुपचूप तासलंय. पण मी काय आंधळी आहे? डुक्कर मी वाढवलं, मी खारवलं, मी धुरी दिली. माझ्या बेकनच्या लादीची पाठ मला स्वतःच्या पाठीपेक्षा जास्त ठाऊक.

शिक्का असतो कशासाठी? चर्चच्या बुरुजात सगळ्या घरांच्या लाद्या लोखंडी आकड्यांना टांगायच्या. रविवारी प्रार्थना झाली की मिखाएलने घंटा वाजवून दार उघडायचं. आपापल्या आकड्यावरचं आठवड्यापुरतं कापायचं आणि कापल्या जागी चरबीत शिक्का दाबायचा. शिक्का मोडला की चोरी उघड. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी शिकवलं होतं. मागून कापणाऱ्याचं काय करायचं ते मात्र शिकवलं नाही.

पूर्वी साठेक आकडे भरलेले असायचे. नव्वद साली आमचे सगळे सॅक्सन, रोमानियात पिढ्यान् पिढ्या राहिलेले जर्मन, गाठोडी बांधून जर्मनीला गेले. आता एर्लेनदॉर्फमध्ये उरलो तिघं. मी, माझी नणंद रोझिना आणि चर्चचा कारभारी मिखाएल बिंडर. तीन माणसं, तीन लाद्या. चोर शोधायला पोलीस कशाला? मिखाएलला दातच नाहीत.

जिना उतरताना म्हटलं, "वन्सं, तब्येत सुधारलेली दिसते तुमची."

"आणि तुझ्या लादीची खालावलेली दिसते, वहिनी. औषध दे तिला काहीतरी."

बघा! एवढं तोंड वर करून!

तरी एक खरं. रविवारची ही अर्धी घटका नसती तर मी आठवडाभर कोणाशी बोलले असते? कोंबड्यांशी. आम्हाला मूलबाळ नाही, हान्स गेला त्याला अकरा वर्षं झाली. भांडायला एक नणंद तेवढी उरलीय.

१९ फेब्रुवारी, रविवार

रोझिना नेहमी शेवटी उतरते. "गुडघे दुखतात, तुम्ही व्हा पुढे." आज मी दारातच ठाण मांडलं. म्हटलं, वन्सं, आज तुम्ही पुढे. म्हणाली, नाही वहिनी, तू. मी म्हटलं, छे, मान तुमचा. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी मिखाएल किल्ल्या वाजवत ओरडला, "मी कुलूप लावतोय! आत मुक्काम करायचा असेल तर पांघरुणं मागवा!"

दोघी एकदम उतरलो. जिन्यात अडकलो. माझी बाही फाटली.

२६ फेब्रुवारी, रविवार

तरी कापलंय!! कधी? कसं?

२ मार्च

म्युनिकहून डॉक्टरीणबाई आल्या. औषधांच्या नव्हेत, चित्रांच्या. उलरिके फाल्कनर. जुन्या चर्चमधल्या भिंतींवरच्या चित्रांत यांचा शब्द म्हणजे शेवटचा, असं मिखाएलने मला तीनदा सांगितलं. त्याने आज गळपट्टी लावली होती. गळपट्टी! हान्सच्या मयताला नव्हती लावली.

बाई बुरुजात शिरल्या आणि पहिल्यांदा नाकाला रुमाल. मग एक निळा दिवा काढला आणि भिंतीवर फिरवायला लागल्या. वर-खाली, वर-खाली. माझ्या आकड्याच्या मागे येऊन थांबल्या. तिथली भिंत काळीकुट्ट आहे, लादी हलते, घासते, पिढ्यान् पिढ्या चरबी मुरलीय. बाईंनी इवल्याशा सुरीने चुन्याचा पापुद्रा उचलला. खाली एक लाल बोट.

बाई किंचाळल्या.

"उंदीर?" मिखाएल म्हणाला.

"चौदाशेवीसच्या आसपासचं!" बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, एवढं काय बोटात! पण खोटं कशाला लिहू, माझ्याही अंगावर काटा आला. चाळीसहून जास्त वर्षं त्या बोटापुढे उभी राहून मी बेकन कापलंय. ते बोट आत होतं आणि मला पत्ता नाही.

१८ मार्च

भिंत साफ करायला सिबिऊहून राडू येतो. चाळिशीचा आहे, दाढीवाला, रोमानियन. कापसाचे बोळे, बारक्या काड्या, दिवसभरात तळहाताएवढी जागा. मला मावशी म्हणतो आणि माझ्याकडचं सूप पितो. त्याच्याकडून सगळी बातमी कळते.

सैतान निघाला! चांगला खातापिता आहे. पोट आमच्या सरपंचासारखं. त्याच्या हातात दोर, दोराला पापी बांधलेले, आणि सगळी वरात नरकाच्या जबड्याकडे चाललीय. एक बिशप, एक मुकुटवाला राजा, एक दारूचा चंबू घेतलेला. आणि सगळ्यांत शेवटी एक बाई. डोक्याला रुमाल, आम्ही बांधतो तसाच, गाठ मागे. एप्रनच्या आत तिने काहीतरी दडवलंय. जाडसर, काळपट, चौकोनी.

सगळे बघायला जमलो.

"हा ग्रंथ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधराव्या शतकात, या खेड्यात, एक वाचणारी स्त्री! आणि त्याची शिक्षा म्हणून तिला नरकात धाडलेलं आहे. याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय का?"

"बाळ आहे," मिखाएल म्हणाला. "लपवलेलं. असं असायचं तेव्हा."

"अहो, लादी आहे!" मी म्हटलं. "सरळ दिसतंय की. बेकनची लादी चोरून चाललीय, म्हणून तर इथे रंगवलीय, बुरुजात, सगळ्यांनी धडा घ्यावा म्हणून." आणि हे म्हणताना मी रोझिनाकडे बघितलं. बघायचं ठरवलं नव्हतं. मान वळली.

रोझिना चित्राच्या अगदी जवळ गेली. चष्मा वर केला. म्हणाली, "नाक झिकेलींचं आहे."

"मग तुमचंच की, वन्सं! तुम्ही जन्माच्या झिकेली. मी बापडी सून."

"सूनच असते वहिनी, एप्रनखाली घालून नेणारी."

राडू हसून हसून शिडीवरून पडायचा राहिला. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. 'स्थानिक मौखिक परंपरा' म्हणाल्या. आमच्या भांडणाला आता नाव मिळालं.

२५ मार्च

भिंतीवरच्या काळ्या थराची तपासणी होऊन आली. बाईंनी चर्चमध्ये सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. डुकराची चरबी, मीठ, लाकडाचा धूर, लसूण, लाल मिरची.

मी मनात म्हटलं, वा, आमचीच कृती. मीठ दीड वाटी, एवढंच लिहायचं राहिलं.

पण बाईंचं निराळंच. म्हणाल्या, हा 'विधिपूर्वक केलेला अभ्यंग' असावा. मध्ययुगातल्या कुठल्यातरी मंडळाने पवित्र चित्राला वर्षानुवर्षं सुगंधी चरबीचं लेपन केलेलं आहे. मग मिखाएलला विचारलं, "कारभारी, आपल्या समाजात लेपनाची काही स्मृती शिल्लक आहे का?"

मिखाएल म्हणाला, "आहे."

आहे! हा माणूस म्युनिकवाल्यांनी 'तुम्हाला शेपूट होती का' विचारलं तरी होच म्हणेल.

राडूने बाहेर येऊन विचारलं, "मावशी, मिरची तर अमेरिकेतून आली ना, चित्राच्या नंतर कितीतरी वर्षांनी?" तो म्हणे बाईंना बोलला. त्यावर बाई म्हणाल्या, म्हणजे भक्ती पुढेही अखंड चालू होती.

मी तरी कशाला सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या बेकनला भक्ती म्हणतंय.

२६ मार्च, रविवार

गंमत संपली. बुरुज रिकामा करायचा. आजचा रविवार शेवटचा.

तिथे आता प्रदर्शन होणार. दमटपणा, धूर, चरबी — काहीच चालणार नाही. लाद्या आपापल्या घरी न्या. मिखाएलने कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

मी विचारलं, "आणि रविवारी?"

"रविवारी काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काय सांगणार! रविवारी आम्ही जिवंत आहोत की नाही ते एकमेकांना दिसतं, हे कसं सांगायचं?

लादी खांद्यावर घेऊन उतरले. मागे रोझिना. आज ती शेवटी राहिली नाही. फाटकाशी लादी टेकवून थांबली तेव्हा वाटलं, म्हणावं, चल, कॉफी टाकते. पण ती ओढ्याकडे वळली आणि मी चढाला लागले.

९ एप्रिल, ईस्टर

माळ्यावर लादी टांगलीय. आज जाऊन कापलं. सवयीने शिक्का दाबला. मग उभी राहिले. कोणापासून?

पाठ तपासली. बेकन शाबूत. काय करायचंय ते शाबूत.

६ मे

आज टीव्हीवाले आले, जर्मनीहून. बाईंनी चित्र दाखवलं. 'ग्रंथ घेतलेली स्त्री'. मिखाएलने अभ्यंगाची आठवण सांगितली. आता ती त्याच्या आजोबांपर्यंत पोचली आहे आणि त्यात मेणबत्त्याही आल्यात. सरपंच पात्रास्कू म्हणाले, आमच्या गावात धर्माधर्मांत किती सलोखा. मग टीव्हीवाल्यांतल्या एका चुरचुरीत मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं या स्त्रीबद्दल?"

मी दोन पेले आलुबुखाराची दारू घेतली होती. सगळ्यांनीच घेतली होती.

म्हटलं, "कसला ग्रंथ! चोरटी आहे ती. बेकनचोर. आणि तिचं घराणं अजून नांदतंय. ही बघा, ही उभी! नाक बघा नाक! हिच्या पणजीची पणजी चोरायची, ही अजून चोरते. माझ्याच लादीचं. मागून!"

सगळे हसले. रोझिना हसली नाही. तिच्या हातात केकची बशी होती, ती तिने हळूच खाली ठेवली आणि गेली.

मी काय खोटं बोलले?

९ मे

रस्त्यात दिसली. मी म्हटलं, "वन्सं, ऊन तापलंय नाही?" माझ्यातून आरपार बघत गेली. भांडत नाही. हे काय नवीन!

१३ मे

बातमीत दाखवलं म्हणे. शास्त्रातलं सगळं कापलं, माझंच ठेवलं. राडूने त्याच्या फोनवर दाखवलं. माझं तोंड केवढं उघडं! आणि मागे कोपऱ्यात रोझी, बशी धरून.

न्यूर्नबर्गला तिच्या लेकीनेही, ब्रिगिटेने, बघितलं.

१४ मे, रविवार

ब्रिगिटे गाडी घेऊन आली. आईला न्यायला. कायमचं. घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं म्हणते.

मी गेले. जाणार नव्हते, पण गेले. ब्रिगिटे सामान चढवत होती. म्हणाली, "मामी, अख्ख्या जर्मनीसमोर माझ्या आईला चोर म्हणालात. लाज नाही वाटली?"

"गप बस ब्रिगिटे," गाडीतून रोझिना म्हणाली. "ते आमचं आमचं आहे. तू पट्टा लाव."

मग काच खाली केली. चष्म्यातून बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, बरं वाटेल.

"वहिनी, तो आकडा माझ्या बापाचा आहे. मी त्याच्या खांद्यावर बसून त्याला लादी अडकवलीय. तू नंतर आलीस."

मी म्हटलं, "मग शिक्का पण घेऊन जा ना बरोबर!"

हे म्हणायचं नव्हतं मला. थांब म्हणायचं होतं. तोंडातून हे निघालं. हे असलं तोंड दिलंय देवाने.

गाडी गेली. तिच्या कोंबड्या माझ्याकडे आल्या. त्याही माझ्याशी बोलत नाहीत.

२ जून

पोस्टर लागलं. बस थांब्यावर, दुकानावर, सरपंचांच्या गाडीवर. 'ग्रंथ घेतलेली स्त्री — अंधारातून प्रकाशाकडे'.

बुरुजात मेणाच्या लाद्या टांगणार आहेत, लोकांना जुनं वातावरण कळावं म्हणून. खऱ्या काढल्या, आता खोट्या लावणार! एक माणूस माझा शिक्का मागायला आला, मेणावर उठवायला. मी त्याच्यासमोर उभी राहून उठवून दिला. मेणाला काही वास नाही. हात धुवावे लागत नाहीत. कसलं बेकन ते!

१७ जून

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

राडू शेवटचा कोपरा साफ करत होता, चित्रातल्या बाईचा एप्रन. सकाळी धावत माझ्याकडे आला. दाढीआडचा चेहरा पांढराफटक.

"मावशी, ग्रंथ पुसला गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे तो नव्हताच! रंग नव्हे, डाग होता! चरबीचा! तुमच्या लादीचा! बोळा फिरवला आणि आला कापसावर!"

बुरुजात गेले. डॉक्टरीणबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. चाळीस पानं लिहिलीत त्यांनी त्या ग्रंथावर. छापून झालीत, सुंदर कागदावर. मी शेजारी बसले. काय करणार! सवयीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी फिरवू दिला.

मग वर जाऊन बघितलं. ग्रंथ गेला तशी माझी लादीही गेली होती. एप्रनवर बाईचा नुसता हात. उघडा, रिकामा, पोटावर ठेवलेला. भूक लागल्यावर ठेवतो तसा. बिचारीने काहीच घेतलेलं नाही आणि तिला बांधून नरकात नेताहेत. आणि तिच्या पदरी चोरी घातली कोणी? आमच्या झिकेलींच्या आकड्याने. घासून घासून.

मी तिथेच रडले. राडूला वाटलं, कलेमुळे.

रोझी, मी तुला सगळ्यांदेखत काय काय बोलले गं!

१९ जून

पोस्टर छापलेलं, पाहुणे बोलावलेले, सरपंचांचं भाषण पाठ. उपाय निघाला. डॉक्टरीणबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या, आज जेवल्या. म्हणाल्या, डाग हासुद्धा वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. तो काढायला नको होता. तो पूर्ववत करणं हे आपलं कर्तव्य आहे.

म्हणजे डाग परत लावायचा!

दुपारी राडू वाटी घेऊन दारात. मान खाली. "मावशी, थोडी चरबी मिळेल का? त्याच लादीची हवी म्हणतात. अस्सल."

मी म्हटलं, बाईंना पाठव. आल्या. म्हटलं, "देते. पण रविवारी प्रार्थनेनंतर अर्धा तास बुरुज आमचा. प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही. किल्ली माझ्या हातात."

"आमचा म्हणजे... किती जणांचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "घराण्याचा."

कबूल झाल्या. चांगली वाटीभर चरबी दिली. राडूने पापण्यांच्या केसासारख्या बारीक कुंचल्याने बाईच्या हातावर पुन्हा चोरी ठेवली. मी बघायला थांबले नाही.

२९ जून

उद्घाटन. पाद्री, सरपंच, पाहुणे, वाद्यं. बाईंनी आपल्या भाषणात अभ्यंगाबद्दल सांगितलं, सरपंचांनी बेकनबद्दल, दोघांना सारख्याच टाळ्या. मिखाएल आता तिकीट खिडकीवर बसतो. त्याला टोपी दिलीय. टोपी काढत नाही, जेवतानाही.

मी आपल्या आकड्यापाशी जाऊन उभी राहिले. मेणाची लादी, आमचा शिक्का, खाली काचेची पाटी: 'झिकेली कुटुंब. नामशेष.'

पुन्हा वाचलं. नामशेष. मी तिथे उभी, हातात वाइनचा पेला, पायात दुखरा अंगठा.

बाईंना दाखवलं. म्हणाल्या, "अरेरे! पुढच्या खेपेला नक्की दुरुस्त करू." एक पाहुणा मला म्हणाला, "जरा बाजूला व्हाल का? झिकेलींचा फोटो घ्यायचाय."

झाले बाजूला.

२ जुलै, रविवार

किल्लीने दार उघडलं. गेले. सुरी सवयीने बरोबर आलेली. मेणाला काय कापणार? खिडकीत बसले. भिंतीवरची ती पोटावर चोरी धरून उभी. तिला म्हटलं, "तू तरी बोल." अर्धा तास संपेना. मिखाएलला हाक मारली तर खालून ओरडला, "ड्यूटीवर आहे!"

९ जुलै, रविवार

गेले. आले.

१६ जुलै, रविवार

गेले. मेणाच्या लादीची पाठ बघितली. गुळगुळीत. आले.

३० जुलै

न्यूर्नबर्गला फोन केला. तीन आठवडे नंबर फिरवत होते आणि ठेवून देत होते. ब्रिगिटेने उचलला. "मामी? आई जेवत नाही नीट. इथलं बेकन कागदासारखं असतं म्हणते. डब्यात बंद. तिला फोन देऊ? देते."

फोनवर रोझीचा श्वास ऐकू आला. पूर्वीसारखाच, शिट्टी वाजवणारा.

मी म्हटलं, "डाग होता तो. चरबीचा. आपल्याच आकड्याचा. तिच्या हातात काही नव्हतं."

शिट्टी चालूच.

मी म्हटलं, "मी टीव्हीवर बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं, रोझी."

मग म्हणाली, "कोंबड्या अंडी देतात का?"

"देतात."

"तपकिरीला जास्त दाणे घालू नको, सुस्तावते." आणि ठेवला.

माफी मागायची ही माझी पहिलीच वेळ. त्यावर कोंबडी!

६ ऑगस्ट, रविवार

गेले. आज डॉक्टरीणबाईंचा कागद आला होता, मिखाएलने वाचून दाखवला. रविवारच्या अर्ध्या तासाचा 'प्रत्यक्ष उपयोग होत नसल्यास' तो बंद करून तिथे शालेय सहली घेण्याचा विचार आहे. मी म्हटलं, उपयोग होतोय. मिखाएल म्हणाला, "कोण करतंय?"

मी. मी करतेय.

तो म्हणाला, "एकट्या माणसाचा उपयोग मोजत नाहीत, रेगिने." वाईट वाटलं असावं त्यालाही. टोपी काढली होती.

१३ ऑगस्ट, रविवार

पाऊल उचलेना. तरी गेले. आज खिडकीत बसून हिशेब केला मनाशी. सहली आल्या की मी किल्ली देऊन टाकणार. मग घर. मग कधीतरी ती काचेची पाटी खरी. माझ्या बाजूने काही उरलं नाही. लादी माळ्यावर तशीच पडलीय, एकटीने किती खायची?

२० ऑगस्ट, रविवार

शिक्का जागच्या जागी. पण पाठीमागून, भिंतीच्या बाजूने — दोन बोटं मेण कापलेलं!

खाली धावले. गुडघे-बिडघे काही आठवलं नाही. मिखाएलला विचारलं, काल कोण आलं होतं बुरुजात? टोपी सारखी करत म्हणाला, "मला सांगू नको असं बजावून गेलीय. आणि तिकीटही काढलं नाही! माझ्या बापाच्या आकड्याला तिकीट कसलं म्हणाली."

चोरटी! मेणसुद्धा सोडलं नाही मेलीने!

ओढ्यापलीकडे रोझीच्या धुराड्यातून धूर निघतोय. माळ्यावरची लादी खाली काढलीय. अख्खी. घेऊन निघाले आहे.